पूर्णतेसाठी इंग्रजीत कुठला शब्द: कम्प्लीट, फुल, होल, टोटल आणि त्यांचे भाऊबंद

मराठीत 'पूर्ण' हा एकच शब्द कितीतरी ठिकाणी चालून जातो. पूर्ण दिवस वाया गेला, पूर्ण पुस्तक वाचलं, काम पूर्ण झालं, पूर्ण नाव लिहा, पूर्ण खात्री आहे, पूर्ण मूर्खपणा आहे. हीच सहा वाक्यं इंग्रजीत नेली की सहा वेगळे शब्द हाताशी येतात: 'द होल डे', 'द एन्टायर बुक', 'द वर्क इज कम्प्लीट', 'फुल नेम', 'ॲब्सोल्यूटली शुअर', 'अटर नॉन्सेन्स'. यातल्या काहींची अदलाबदल चालते, पण 'अटर नेम' किंवा 'होल नॉन्सेन्स' म्हटलं तर ऐकणारा गोंधळतो. शब्दकोशात हे सगळे एकमेकांचे समानार्थी म्हणून दिलेले असतात आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते. मूळ अर्थाने ते समानार्थी नाहीत. प्रत्येकाचा उगम वेगळ्या कल्पनेत आहे आणि ती कल्पना आजही त्याचा वापर ठरवते. म्हणून इथे व्युत्पत्ती आणि वापर जोडीनेच सांगितले आहेत.

आधी उलट बाजू विचारा

शब्द निवडण्यापूर्वी एक प्रश्न विचारायचा: या वाक्यातल्या 'पूर्ण'च्या उलट काय आहे?

उलट 'रिकामा' किंवा 'अर्धवट भरलेला' असेल तर फुल. उलट 'एखादा भाग कमी असलेला' असेल तर कम्प्लीट. उलट 'तुकडा' असेल, म्हणजे अख्ख्यातून तोडलेला हिस्सा, तर होल किंवा एन्टायर. उलट 'सुटे सुटे आकडे' किंवा 'अंशतः' असेल तर टोटल. उलट 'वरवरचा' असेल तर थरो. आणि उलट 'थोडासा, सौम्य' असेल, म्हणजे 'पूर्ण' हा शब्द फक्त जोर देण्यासाठी आला असेल, तर अटर, ॲब्सोल्यूट, शिअर, किंवा जोरदर्शक अर्थाने वापरलेले कम्प्लीट आणि टोटल.

'पूर्ण बाटली पाण्याने भरली' यात उलट रिकामी, म्हणून बाटली 'फुल'. 'त्याने पूर्ण बाटली संपवली' यात उलट 'अर्धी बाटली', म्हणजे हिस्सा, म्हणून 'द होल बॉटल'. इथे 'द फुल बॉटल' म्हटलं तर शेजारी एक रिकामी बाटली आहे आणि त्याने भरलेली उचलली, असा अर्थ निघू शकतो. वस्तू तीच, पण कसोटीने शब्द बदलला.

फुल आणि कम्प्लीट

हे दोन शब्द दूरचे नातलग आहेत आणि आपला 'पूर्ण'ही त्याच घराण्यातला. भाषाशास्त्रज्ञ ज्या आद्य भारत-युरोपीय भाषेची मांडणी करतात, तिच्यातल्या 'भरणे' या अर्थाच्या एका धातूपासून संस्कृतात पूर्ण आला, लॅटिनमध्ये 'प्लेरे' आणि 'प्लेनुस' आले आणि जर्मानिक शाखेतून इंग्रजीत फुल आला. जर्मानिक भाषांत मूळच्या 'प'चा 'फ' झाला. याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये हा नियम पद्धतशीर मांडला. पितृ आणि फादर, पाद आणि फुट, पूर्ण आणि फुल या जोड्या त्याच नियमाच्या.

कम्प्लीट आला लॅटिनच्या 'कॉम्प्लेरे'पासून. 'कॉम' हा जोर देणारा उपसर्ग आणि 'प्लेरे' म्हणजे भरणे, म्हणजे 'काठोकाठ भरून टाकणे'. फ्रेंचमार्गे तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. त्याच मुळाची बाकीची पिलावळ ओळखून ठेवली तर शब्दसंग्रह झपाट्याने वाढतो. सप्लाय म्हणजे खालून भरून काढणे, सप्लिमेंट म्हणजे भर, डिप्लीट म्हणजे भरलेलं रितं करणे, रिप्लीट म्हणजे ओतप्रोत, प्लेंटी म्हणजे भरपूर, प्लेनरी म्हणजे सर्व सदस्य हजर असलेली सभा. अकॉम्प्लिश म्हणजे तडीस नेणे, हाही त्यातलाच. शिवी या अर्थाने वापरला जाणारा एक्सप्लेटिव्ह हा शब्दसुद्धा मुळात 'ओळीतली रिकामी जागा भरणारा शब्द' होता.

आजच्या वापरात फुलचा संबंध क्षमतेशी किंवा कमाल मर्यादेशी आहे: फुल स्पीड, फुल मार्क्स, फुल प्राइस, फुल मून, फुल टाइम. कम्प्लीटचा संबंध घटकांशी आहे: कम्प्लीट सेट, कम्प्लीट सेंटेन्स, कम्प्लीट वर्क्स. बुद्धिबळाच्या संचात बत्तीसच्या बत्तीस सोंगट्या असतील तर तो कम्प्लीट. डबा सोंगट्यांनी गच्च भरला असेल तर डबा फुल, पण त्यात वजीरच नसेल तर संच इनकम्प्लीट. 'फुल रिपोर्ट' आणि 'कम्प्लीट रिपोर्ट' दोन्ही बरोबर आहेत, पण पहिल्यात तपशिलाचा भर आहे (सारांश नव्हे, सविस्तर अहवाल) आणि दुसऱ्यात एकही प्रकरण गाळलेलं नाही याचा.

क्रियापद म्हणून कम्प्लीट वापरताना मराठी माणसाच्या काही चुका हमखास होतात. पहिली म्हणजे 'आय कम्प्लीटेड रीडिंग द बुक'. प्रमाण इंग्रजीत कम्प्लीटच्या पुढे सहसा 'आयएनजी' लावलेलं क्रियापद येत नाही, नाम येतं: 'आय कम्प्लीटेड द रिपोर्ट'. क्रिया सांगायची तर फिनिश वापरा: 'आय फिनिश्ड रीडिंग'. दुसरी, जेवण आणि बैठक. जेवण 'फिनिश' करतात, 'कम्प्लीट' करत नाहीत. बैठक किंवा सिनेमा संपला की 'इट्स ओव्हर'. कम्प्लीट हा शब्द ज्याला ठरलेले टप्पे किंवा घटक आहेत अशा कामासाठी राखून ठेवावा: अभ्यासक्रम, प्रकल्प, अर्ज, बांधकाम. तिसरी, वय. 'तिने तीस वर्षं पूर्ण केली' याचं 'शी कम्प्लीटेड थर्टी इयर्स' होत नाही. 'शी टर्न्ड थर्टी' म्हणतात. सेवेची वर्षं मात्र कम्प्लीट होतात, कारण तिथे मोजणी ठरलेली असते.

अर्ज भरण्याबद्दल एक बारीक गोष्ट. 'कम्प्लीट द फॉर्म' सगळीकडे चालतं. बोलताना ब्रिटनमध्ये 'फिल इन', अमेरिकेत 'फिल आउट'. 'फिल अप' हे पेट्रोलच्या टाकीसाठी.

'कम्प्लीट विथ' हा प्रयोग वेगळा लक्षात ठेवा. त्याचा अर्थ 'सह, जोडीला': 'अ फ्लॅट कम्प्लीट विथ फर्निचर' म्हणजे फर्निचरसकट फ्लॅट. 'फर्निचर लावून झालं' असा त्याचा अर्थ नाही.

आता कॉम्प्लिमेंट. या उच्चाराचे दोन शब्द आहेत आणि दोन्ही कॉम्प्लेरेपासूनच आले आहेत. मधल्या अक्षरात 'ई' असलेला म्हणजे पूरक, उणीव भरून काढणारा. 'आय' असलेला म्हणजे प्रशंसा. तो दक्षिण युरोपातल्या भाषांतून 'शिष्टाचार पूर्ण करणे' या अर्थाने फिरून आला. 'ई'वाल्याचं नातं कम्प्लीटशी उघड आहे, कारण त्यातही तिथे 'ई'च आहे. खूण म्हणून एवढं पुरतं. 'आय'वाल्या शब्दाचं विशेषण 'मोफत' या अर्थानेही येतं, म्हणून हॉटेलातला मोफत नाश्ता 'आय'ने लिहायचा. भूमितीत मराठी माध्यमातून आलेल्यांची इथे फसगत होते: नव्वद अंश बेरीज असलेल्या कोटिकोनांना कॉम्प्लिमेंटरी म्हणतात आणि 180 अंश बेरीज असलेल्या पूरक कोनांना सप्लिमेंटरी. 'पूरक' शब्दावरून भाषांतर केलं की उत्तर चुकतं.

होल, एन्टायर आणि ऑल

होल हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. जुन्या इंग्रजीत तो 'हाल' असा होता आणि त्याचा अर्थ 'निरोगी, इजा न झालेला, धडधाकट'. हील, हेल्थ आणि 'पवित्र' या अर्थाचा होली हे त्याचे सख्खे नातलग आहेत. स्पेलिंगमधला मूक 'डब्ल्यू' मागाहून, पंधराव्या शतकाच्या सुमारास चिकटला. त्याआधी तो नव्हता. होलसम म्हणजे आरोग्याला हितकर, यात जुना अर्थ अजून जिवंत आहे.

होलिस्टिक हा शब्द मात्र या घरचा नाही. दक्षिण आफ्रिकेचे नेते यान स्मट्स यांनी 1926 मध्ये होलिझम हा शब्द घडवला तो ग्रीक 'होलोस'वरून. उच्चार जुळतो, अर्थ जुळतो, पण मूळ वेगळं. होलोसचा खरा नातलग आपल्याकडे आहे: संस्कृत 'सर्व'. म्हणूनच होलिस्टिकच्या स्पेलिंगमध्ये 'डब्ल्यू' येत नाही. तो घालण्याचा मोह फार जणांना होतो.

एन्टायरची व्युत्पत्ती तर फारच सुंदर आहे. लॅटिन 'इन्तेगेर' म्हणजे 'न स्पर्शिलेला': 'इन' म्हणजे नाही आणि 'तांगेरे' म्हणजे स्पर्श करणे. ज्याला कुणाचा हात लागलेला नाही, ते अखंड. हा शब्द फ्रेंचमधून घासून आला तेव्हा एन्टायर झाला आणि थेट लॅटिनमधून घेतला तेव्हा इंटिजर झाला. इंटेग्रिटी, इंटेग्रल, इंटॅक्ट ही त्याच मुळाची रूपं. गणितात हे चित्र स्पष्ट दिसतं: इंटिजर म्हणजे पूर्णांक, अखंड संख्या, आणि त्याच्या उलट फ्रॅक्शन, जो 'तोडणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. आपलेही शब्द पूर्णांक आणि अपूर्णांक. संगणकक्षेत्रात 'डेटा इंटेग्रिटी' आणि 'डेटा कम्प्लीटनेस' या दोन वेगळ्या गोष्टी का आहेत, हेही इथून कळतं. माहितीत कुणी ढवळाढवळ केलेली नाही, ती सुसंगत आहे, ही इंटेग्रिटी. हवा तो प्रत्येक रकाना भरलेला आहे, ही कम्प्लीटनेस. रकाने सगळे भरलेले असूनही माहिती बिघडलेली असू शकते.

होल आणि एन्टायर यांत अर्थाचा फरक नाहीसाच. एन्टायर थोडा औपचारिक आणि जोरकस. रोजच्या बोलण्यात होल, लेखी तक्रारीत किंवा अहवालात भर द्यायचा असेल तर एन्टायर.

खरा गुंता होल आणि ऑल यांच्यातला आहे, आणि तो शब्दक्रमाचा आहे. मराठीत 'माझे सगळे मित्र' म्हणतो, म्हणून सरळ 'माय ऑल फ्रेंड्स' तोंडातून जातं. इंग्रजीत ऑल हा 'माय', 'द', 'दीज' यांच्या आधी येतो आणि होल नंतर. 'ऑल माय फ्रेंड्स', पण 'माय होल फॅमिली'. 'ऑल द टाइम', पण 'द होल टाइम'. 'माय ऑल फ्रेंड्स' आणि 'होल माय लाइफ' या दोन्ही चुका एकाच नियमाने सुटतात: ऑल बाहेर, होल आत.

दुसरा नियम मोजण्याचा. होलला मोजता येणारी एकवचनी वस्तू लागते: द होल केक, द होल स्टोरी. पाणी, पैसा, माहिती यांसारख्या न मोजता येणाऱ्या नामांना ऑल: 'ऑल द वॉटर', 'ऑल द इन्फर्मेशन'. 'द होल वॉटर' होत नाही. देश, शहर, खंड यांच्या विशेषनामांआधी होल एकटा उभा राहत नाही, 'द होल ऑफ युरोप' किंवा 'ऑल ऑफ युरोप' म्हणावं लागतं. सर्वनामांनाही तेच: 'द होल ऑफ इट', 'ऑल ऑफ अस'. एन्टायरच्या मागे मात्र 'ऑफ' लागत नाही. तिथे नाम वापरावं लागतं, 'द एन्टायरटी ऑफ'.

अनेकवचनाआधी होल आला की अर्थ पालटतो, आणि हे नीट पाहण्यासारखं आहे. 'ऑल द व्हिलेजेस वेअर फ्लडेड' म्हणजे त्या भागातल्या प्रत्येक गावात पाणी शिरलं. कदाचित काही गावांत फक्त वेशीपर्यंत. 'होल व्हिलेजेस वेअर फ्लडेड' म्हणजे काही गावं अख्खीच्या अख्खी पाण्याखाली गेली. बाकीची कोरडी असतील. बातमी लिहिताना एका शब्दाने नुकसानीचं चित्र बदलतं.

काळाच्या शब्दांत 'ऑल डे', 'ऑल नाइट', 'ऑल वीक', 'ऑल इयर' बिनधास्त वापरा, 'द' न लावता. 'ऑल अवर' किंवा 'ऑल सेंच्युरी' मात्र नाही. तिथे 'द होल अवर', 'द होल सेंच्युरी'. आणि 'ऑल डे' म्हणजे दिवसभर, 'एव्हरी डे' म्हणजे रोज.

टोटल

लॅटिन 'तोतुस' म्हणजे सगळा, त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'तोतालिस' झाला आणि इंग्रजीत टोटल. बेरजेची कल्पना याला चिकटलेली आहे: टोटल कॉस्ट, टोटल नंबर. मराठीत त्याला 'एकूण' हा शब्द अगदी बरोबर बसतो.

पण 'एकूण पंचवीस जण आले' याचं 'टोटली ट्वेंटी फाइव्ह पीपल केम' करू नका. टोटली म्हणजे 'संपूर्णपणे', बेरीज नव्हे. बेरजेसाठी 'इन टोटल', 'इन ऑल' किंवा 'ऑल्टुगेदर'. हा ऑल्टुगेदर एका शब्दाचा. 'ऑल' आणि 'टुगेदर' सुटे लिहिले तर 'सगळे एकत्र' असा अर्थ होतो. क्रियापदाचं वचनही सांभाळा: 'अ टोटल ऑफ ट्वेंटी फाइव्ह स्टुडंट्स' पुढे अनेकवचनी 'वेअर', पण 'द टोटल' पुढे एकवचनी 'इज'.

खगोलशास्त्रात टोटल ठरलेला आहे. खग्रास ग्रहण म्हणजे टोटल एक्लिप्स, आणि सूर्यबिंब पुरतं झाकलं गेलेल्या काळाला टोटॅलिटी म्हणतात. सूर्यग्रहणात ती जास्तीत जास्त साडेसात मिनिटांच्या आसपास टिकते. तिथे कम्प्लीट किंवा फुल घालू नये, कारण उलट शब्द 'पार्शल' आहे, म्हणजे खंडग्रास.

दारूला अजिबात न शिवणाऱ्याला टीटोटलर म्हणतात. त्यातल्या 'टी'चा चहाशी संबंध नाही; टोटलच्याच आद्याक्षराची जोरासाठी केलेली पुनरावृत्ती आहे. या शब्दाच्या प्रसाराचं श्रेय इंग्लंडमधल्या प्रेस्टन इथल्या दारूबंदी चळवळीतले रिचर्ड टर्नर यांच्या 1833 मधल्या भाषणाला दिलं जातं.

थरो, कॉम्प्रिहेन्सिव्ह, एक्झॉस्टिव्ह

थरो आणि थ्रू हे मुळात एकच शब्द, अर्थ 'आरपार'. थरोफेअर म्हणजे आरपार जाणारा रस्ता, यात तो उरला आहे. म्हणून थरो वापरायचा तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कसून केलेल्या कामासाठी: थरो चेक-अप, थरो सर्च. माणसालाही लागतो, 'शी इज व्हेरी थरो' म्हणजे ती कामात कसून आहे, काही सोडत नाही. स्पेलिंगमध्ये 'टीएच'नंतर 'ओ' आहे, थ्रूमध्ये तिथे लगेच 'आर' येतो. टंकताना ही चूक फक्त स्पेलिंग तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला पकडता येत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे 'कवेत घेणारा', आपल्या 'सर्वसमावेशक'च्या किंवा 'सांगोपांग'च्या जवळचा. एक्झॉस्टिव्ह म्हणजे 'उपसून रिकामं करणारा'. लॅटिन मूळ पाणी उपसण्याचंच आहे. फरक यातच आहे: कॉम्प्रिहेन्सिव्ह यादीत विषयाची सगळी अंगं येतात, एक्झॉस्टिव्ह यादीत एकही नोंद शिल्लक राहत नाही. म्हणून करारात 'दिस लिस्ट इज नॉट एक्झॉस्टिव्ह' असं वाक्य घालतात, म्हणजे यादीबाहेरची गोष्टही लागू होऊ शकेल. ते वाक्य नसेल तर वाद होतो. एक्झॉस्टिंग म्हणजे दमवणारा आणि कॉम्प्रिहेन्सिबल म्हणजे समजण्याजोगा. 'माय रिसर्च वॉज एक्झॉस्टिंग' असं लिहिलं तर संशोधनाची नव्हे, दमल्याची माहिती जाते.

जोर देणारे: अटर, ॲब्सोल्यूट, शिअर

अटर म्हणजे मुळात 'आउट'चं तरतम रूप, 'अधिक बाहेरचा'. बाहेरच्या टोकापर्यंत गेलेला, म्हणून पुरता, टोकाचा. आणि टोक बहुधा वाईट असतं: अटर फेल्युअर, अटर केऑस, अटर नॉन्सेन्स. मराठीतला 'पुरता' असाच वागतो. पुरती फजिती होते, पुरती वाट लागते. 'अटर जॉय' चुकीचं नाही, पण बहुतेक वेळा मागे नकारार्थी नाम येतं हे ध्यानात ठेवावं. 'अटर सक्सेस' कानाला खटकतं, तिथे 'कम्प्लीट सक्सेस' घ्या.

ॲब्सोल्यूट म्हणजे 'सोडवलेला, मोकळा'. सॉल्व्ह, डिझॉल्व्ह यांच्यातलंच मूळ. ज्यावर कुठलीही अट किंवा तुलना बांधलेली नाही असा, म्हणजे आपला 'निरपेक्ष'. उणे 273.15 अंश सेल्सिअसला ॲब्सोल्यूट झिरो म्हणतात ते याच अर्थाने: ते शून्य पाण्याच्या गोठण्यावर किंवा कुणाच्या सोयीवर ठरलेलं नाही. बोलण्यात तो साधा जोरदर्शक आहे आणि चांगल्या-वाईट दोन्हीकडे चालतो.

शिअर म्हणजे 'निव्वळ': शिअर लक, शिअर साइज. यात 'दुसरं काहीही नाही, फक्त हेच' असा भाव आहे.

या गटाची एक अट आहे. जोर देण्यासाठी आलेला शब्द नामाच्या आधीच बसतो. 'ही इज अ कम्प्लीट स्ट्रेंजर' ठीक, पण 'द स्ट्रेंजर इज कम्प्लीट' म्हटलं की अर्थ नाहीसा होतो. अटर आणि शिअर तर नामाच्या मागे कधीच जात नाहीत.

क्रियाविशेषणांच्या जोड्या

इथे तर्क अर्धाच उपयोगी पडतो. उरलेलं कानाने शिकावं लागतं. तयारी, पात्रता, क्षमता यांच्याशी फुली: फुली चार्ज्ड, फुली बुक्ड, फुली क्वालिफाइड, फुली अवेअर. स्वच्छता, तपासणी आणि आनंद यांच्याशी थरोली: थरोली क्लीन्ड, थरोली एन्जॉइड. चांगल्या गुणांशी पर्फेक्टली: पर्फेक्टली सेफ, पर्फेक्टली नॉर्मल. वाईटाशी अटरली: अटरली रिडिक्युलस. फरक आणि विसर यांच्याशी कम्प्लीटली किंवा टोटली: कम्प्लीटली डिफरंट, आय कम्प्लीटली फरगॉट. मालकीच्या कायदेशीर भाषेत होली: होली ओन्ड सब्सिडिअरी. या शेवटच्या शब्दाचं स्पेलिंग करताना होलमधला शेवटचा 'ई' गळतो आणि दोन 'एल' राहतात. एन्टायरली आणि कम्प्लीटली यांत 'ई' टिकतो.

'आय ॲम फुली ॲग्री' ही चूक फुलीची नाही, ॲग्री हे क्रियापद असल्याची आहे. 'आय फुली ॲग्री' किंवा 'आय एन्टायरली ॲग्री'.

नकाराची जागा मात्र जपून ठरवा. 'इट इज नॉट कम्प्लीटली ट्रू' म्हणजे काही अंशी खरं, काही अंशी नाही. 'इट इज कम्प्लीटली अनट्रू' म्हणजे साफ खोटं. 'आय ॲम नॉट एन्टायरली शुअर' ही तर सभ्यपणे शंका व्यक्त करण्याची ठरलेली रीत आहे. 'ऑल द स्टुडंट्स डिड नॉट पास' हे वाक्य टाळाच; सगळे नापास की काहीच नापास, हे कळत नाही. काही नापास असतील तर 'नॉट ऑल द स्टुडंट्स पास्ड', सगळे असतील तर 'नन ऑफ द स्टुडंट्स पास्ड'.

क्वाइटचं दुहेरी वागणं इथेच सांगायला हवं. ब्रिटिश इंग्रजीत 'क्वाइट गुड' म्हणजे बऱ्यापैकी, पण 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे अगदीच अशक्य. ज्या विशेषणाला कमी-जास्त होता येतं त्याआधी क्वाइट सौम्य, ज्याला होता येत नाही त्याआधी पूर्ण जोराचा.

'पूर्णाला अधिक पूर्ण कसं म्हणायचं' असा आक्षेप काही शिक्षक घेतात आणि 'मोअर कम्प्लीट' खोडतात. तो फार कडक आहे. दोन याद्यांपैकी एकीत उणिवा कमी असतील तर ती 'मोअर कम्प्लीट' म्हणणं इंग्रजीत जुनं आणि मान्य आहे. अमेरिकेच्या 1787 च्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत 'मोअर पर्फेक्ट युनियन' असे शब्द आहेत. 'व्हेरी कम्प्लीट'पेक्षा 'फेअर्ली कम्प्लीट', 'ऑलमोस्ट कम्प्लीट' जास्त सहज वाटतात. 'व्हेरी टोटल', 'व्हेरी अटर' मात्र कधीच नाही.

ठरलेले वाक्प्रचार

'ऑन द होल' म्हणजे 'एकंदरीत पाहता, काही अपवाद सोडून'. 'ॲज अ होल' म्हणजे 'सगळं एकत्र धरून'. 'द प्लॅन ॲज अ होल इज गुड' म्हणताना योजना एकसंध पाहिली; 'ऑन द होल द प्लॅन इज गुड' म्हणताना काही दोष मान्य केले. अहवालात ही गल्लत महागात पडते.

'लॉक, स्टॉक अँड बॅरल' म्हणजे सगळ्या चंबूगबाळ्यासकट. हे जुन्या बंदुकीचे तीन भाग: लॉक म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, स्टॉक म्हणजे लाकडी दस्ता, बॅरल म्हणजे नळी. घर हलवणं, धंदा विकणं यासाठी तो वापरतात. 'हुक, लाइन अँड सिंकर' म्हणजे गळ, दोरी आणि शिशाचं वजन. माशाने तिन्ही गिळले, म्हणजे कुणी थाप पूर्णपणे खरी मानली. म्हणून तो फक्त फसण्यापुरता. 'रूट अँड ब्रांच' म्हणजे समूळ, बहुधा सुधारणा किंवा उच्चाटन यांच्यासाठी. तिन्ही 'पूर्णपणे'च, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

'द होल नाइन यार्ड्स' म्हणजे सगळं काही, काही न राखता. दुसऱ्या महायुद्धातल्या गोळ्यांच्या पट्ट्याची लांबी नऊ यार्ड होती, ही गोष्ट फार सांगितली जाते. ती टिकत नाही. 1907-08 च्या सुमारास अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या वृत्तपत्रात हा प्रयोग छापलेला सापडला आहे, आणि 1912 मध्ये केंटकीत 'सिक्स यार्ड्स' असंही रूप दिसतं. आकडाच बदलत होता, तेव्हा कुठल्याही एका वस्तूच्या मापावरून तो आला असण्याची शक्यता कमी.

नामं निवडताना

कम्प्लीशन ही घटना आहे, कम्प्लीटनेस हा गुण. प्रकल्पाची कम्प्लीशन डेट असते, यादीची कम्प्लीटनेस तपासतात. तर्कशास्त्रातही गुणच आहे. कुर्ट गोडेल यांच्या 1931 च्या प्रसिद्ध प्रमेयांना इनकम्प्लीटनेस प्रमेयं म्हणतात, कारण तिथे प्रश्न पद्धतीतून सगळी सत्य विधानं सिद्ध होतात का, असा आहे. फुलनेस आवाजाला, चवीला किंवा पोट भरल्याला लागतो. होलनेस माणसाच्या मनाबद्दल किंवा आरोग्याबद्दल बोलताना येतो, 'हाल'चा जुना अर्थ तिथे परत दिसतो. दस्तऐवज अखंड वाचायला सांगायचा असेल तर 'रीड इट इन इट्स एन्टायरटी'. पैसे चुकते झाले असतील तर 'पेड इन फुल', आणि इथे कम्प्लीट, होल, टोटल यांपैकी एकही चालत नाही.

जोडीबद्दल शंका आली तर साधा शब्दकोश न पाहता शिकणाऱ्यांसाठी काढलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडा. त्यात 'फक्त नामाआधी' अशी सूचना विशेषणापुढे दिलेली असते आणि उदाहरणाच्या वाक्यांत नेहमीच्या जोड्या ठळक छापलेल्या असतात. अर्थाची ओळ सोडून आधी त्या ठळक जोड्या वाचा. तुमचं नाम त्यात सापडलं की शब्द मिळाला.